दहा वर्षांचा शब्द : पंडिता रमाबाई आणि पैशाची गोष्ट



पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन चर्चमध्ये. त्यांची विद्वत्ता, त्यांचे बायबलचे भाषांतर, अनाथ मुलींसाठी त्यांनी वेचलेले आयुष्य यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. परंतु शेकडो मुलींच्या जेवणाखाण्याचा, कपड्यालत्त्याचा खर्च ही विधवा बाई कुठून भागवीत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. संस्था चालवणाऱ्यांना मात्र रोज हाच प्रश्न पडतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरातील स्त्रियांना संस्कृत शिकवले, म्हणून त्या काळच्या समाजाची बोलणी खाल्ली. दुष्काळात आई-वडील व बहीण दगावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पुराणे सांगत पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला, १८८२ साली पतीही कॉलऱ्याने गेले. पदरी लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीच्या पैशातून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाची सोय केली. मागण्याआधी स्वतःचे काहीतरी उभे करायचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तेथेच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या, विशेषतः बालविधवांच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते हातोहात खपले. गावोगावी व्याख्याने झाली. लोकांची मने हेलावली होती. अशा वेळी एखाद्या धनिकाकडून मोठी थैली घेऊन परत येणे सोपे होते.

रमाबाईंनी तसे केले नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. निरनिराळ्या शहरांत त्याची मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे देत राहायचे, अशी ती योजना होती. एक डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारे तीन रुपये. देणाऱ्याला जड नाही, आणि एखाद्याने देणे थांबवले तरी संस्थेची चूल विझणार नाही. शिवाय असोसिएशन दरवर्षी छापील अहवाल काढून आपला पैसा कुठे गेला ते सभासदांना कळवीत असे. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या मुलींसाठी माणसे वर्षामागून वर्षे पैसे देत राहिली, याचे मोठे श्रेय मला या अहवालांना द्यावेसे वाटते. आपल्याकडे सणाच्या आदल्या आठवड्यात कुपनांची पुस्तके घेऊन धावपळ होते. सण संपला की हिशेबाची आठवण थोड्यांनाच राहते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथे खरी कसोटी लागली. सदनात कोणताही धर्म शिकवायचा नाही, अशी देणगीची अट होती आणि रमाबाईंना ती मान्य होती. पण स्वतःची प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. त्या काळी हा घाव लहान नव्हता. पालकांची भीती समजण्यासारखी होती, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. रमाबाईंनी दार बंद केले नाही, आणि मुलींवर धर्म लादला जातो असे न वाटल्याने बॉस्टनच्या मंडळींनी मदतही थांबवली नाही. संस्था टिकली. सारा आधार पुण्यातल्या चार प्रतिष्ठितांवर असता तर ती त्याच वर्षी बंद पडली असती.

दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार होती. ती संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव हे स्टेशन लागते. तेथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळबाग लावली. पुढे परदेशातून पैसा येवो न येवो, बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा विचार होता.

पण झाडे फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. मग केडगावच्या त्याच जमिनीवर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन शेकडो मुलींचे घर झाली. मुक्ति सदन ते हेच.

१८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुन्या असोसिएशनने दहा वर्षांचा शब्द पाळला होता. ते रीतसर विसर्जित होऊन त्या जागी नवे उभे राहिले. मुक्तीचे काम मात्र उघडपणे ख्रिस्ती होते, त्याला ती जुनी अट नव्हती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना केवळ देणग्यांवर पोसणे कठीण. म्हणून मुली शेतात राबत, कापड विणत, तेलाच्या घाण्यावर, दुभत्या जनावरांपाशी, छापखान्यात काम करीत. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारे मुलीच करीत.

मनोरमा १९२१ साली वारली. आईनंतर संस्था तिने सांभाळायची, असे ठरलेले होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर तोवर पूर्ण होत आले होते. त्याच छापखान्यातील मुद्रिते त्या अखेरपर्यंत तपाशीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संस्था आजही केडगावला आहे.