बहिणीसाठी जेवणाच्या टेबलावर

पित्ताशयातले खडे आता घरोघरी झालेत. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आता आमच्या लातुरातही दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की कुणी दचकत नाही. माझ्या जाऊबाईंचं झालं, आठवड्यात टाकेही निघाले. महिन्याने मात्र बेंबीजवळचं भोक पाझरू लागलं. नेहमीच्या गोळ्यांनी गुण येईना. क्षयरोगाच्या जंतूंचे लांबचे भाऊबंद पाण्यात असतात. हत्यारं औषधात पुरेशी भिजली नाहीत किंवा नंतर साध्या पाण्यात खळबळली, की ते आत शिरतात आणि बऱ्याच दिवसांनी डोकं वर काढतात. औषधं कितीतरी महिने घ्यावी लागतात.

त्या काळात मी जोसेफ लिस्टरचं चरित्र वाचून काढलं. जन्म १८२७, लंडनजवळचा. वडील दारूचे व्यापारी, पण छंद सूक्ष्मदर्शकाचा! लिस्टर सर्जन झाला आणि १८६१ मध्ये ग्लासगोच्या सरकारमान्य मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळू लागला. तेव्हा सर्जन रक्ताने कडक झालेला कोट मिरवायचे. ऑपरेशन नीट व्हायचं आणि रोगी नंतर जखम सडून जायचा. दोष दिला जायचा खराब हवेला.

पाश्चरचं जंतूंवरचं लिखाण लिस्टरच्या वाचनात आलं. कार्लाइल गावी गटाराची घाण कार्बोलिक अ‍ॅसिडने कमी होते, हेही त्याला कळलं. ऑगस्ट १८६५ मध्ये अकरा वर्षांच्या पोराच्या पायावरून गाडी गेली, हाड कातडी फोडून बाहेर आलं. असा पाय कापायचीच रीत होती. लिस्टरने जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड जुळलं! पूर्वी त्याच्याकडे हातपाय कापलेल्या ३५ जणांत १६ दगावले होते, नंतर ४० जणांत सहाच.

पण मला खरा धीट वाटतो तो १८६७ चा लिस्टर. बहीण इझाबेलाच्या छातीत गाठ झाली. दुसरे सर्जन नको म्हणाले. सख्ख्या बहिणीवर चाकू धरायचा म्हणजे काय! त्याने आधी मृतदेहावर सराव केला, मग घरातल्याच जेवणाच्या टेबलावर, कार्बोलिक वापरून, स्तन काढला. जखम चिघळली नाही. ती आणखी तीन वर्षं जगली.

बायको अ‍ॅग्नेस सर्जनचीच मुलगी. लग्नानंतरच्या सहलीत दोघं युरोपातली हॉस्पिटलं बघत हिंडले! मूलबाळ नव्हतं. प्रयोगांच्या वह्यांत पानंच्या पानं तिच्या हातची आहेत. तिचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

१८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काखेतलं गळूही त्याने कापलं. हवेत कार्बोलिक फवारायचं यंत्र त्याने केलं होतं, पण खरा धोका हातांचा आणि हत्यारांचा, हे पटल्यावर १८९० मध्ये स्वतःच ते सोडून दिलं.

अ‍ॅग्नेस १८९३ मध्ये इटलीत वारली आणि त्याचं मन कामातून उडालं. १९१२ मध्ये तो गेला, तेव्हा मोठमोठ्यांच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला जागा मिळत होती. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, अ‍ॅग्नेसच्या शेजारी पुरा. तिथेच पुरलं.