शेवटून पहिला!

शाळेत रिझल्टच्या दिवशी कुणी नंबर विचारला, की वर्गातला एखादा भिडू हमखास सांगायचा, शेवटून पहिला! अमेरिकेत एक लीग अशी आहे, जिथे शेवटून पहिला येणाऱ्याला खरोखर बक्षीस मिळतं. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही हं. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि रेड्यांच्या टकरीसारखी एकमेकांवर आदळणारी माणसं, तो फुटबॉल. दर एप्रिलमध्ये तिथले ३२ संघ कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू निवडतात. आयपीएलसारखी बोली नाही. गल्ली क्रिकेटमध्ये दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं घेतात ना, तसं रांगेने एकेक नाव घ्यायचं, अशा सात फेऱ्या. आणि रांगेत पुढे कोण? गेल्या मोसमात ज्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला, तो.

या निवडीला म्हणतात ड्राफ्ट. आणि ड्राफ्टच्या आधी काही महिने तिकडे घराघरात एक वेगळाच खेळ रंगतो, तो म्हणजे मॉक ड्राफ्ट. कोण कुणाला घेणार, हे आधीच लिहून ठेवायचं. पद्धत सोपी वाटते. संघाची यादी समोर घ्या, खिंडार कुठे पडलंय ते बघा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघ चालवणारा गडी, छत्तिशीला आलाय? मग ते तरुण क्वार्टरबॅकच घेणार. बचावफळी गळतेय? मग तिथला माणूस. मीसुद्धा यंदा वहीच्या मागच्या पानावर पहिली दहा नावं लिहिली होती. दोन बरोबर आली! मग डोक्यात आलं, की ही भानगड मुळात सुरू कुणी केली? शोधत गेले आणि सापडला बर्ट बेल. जाऊन साठहून जास्त वर्षं झालेल्या माणसाला एकेरीत बोलावतेय, पण त्याची गोष्ट वाचलीत तर तुम्हीही त्याला अहो-जाहो करणार नाही.

पूर्ण नाव डी बेनव्हिल बेल. जन्म २५ फेब्रुवारी १८९५, फिलाडेल्फिया. नावावरूनच कळतं, की घर बड्यांचं. वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, भाऊ पुढे त्याच राज्याचा काही दिवसांचा गव्हर्नर आणि नंतर तिथला मुख्य न्यायाधीश. आणि बर्ट? बर्टला फुटबॉलचं वेड. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघात तो क्वार्टरबॅक होता. १ जानेवारी १९१७ ला रोझ बोलसारख्या मानाच्या सामन्यात खेळला आणि ओरेगॉनकडून ०-१४ असा हरला. हरण्याशी त्याचं नातं तेव्हापासूनचं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लष्करी हॉस्पिटलच्या तुकडीत काम करून आला. काही वर्षं कॉलेज संघांना शिकवलं. पण बाकी आयुष्य म्हणजे श्रीमंत घरातल्या वाया चाललेल्या मुलाचं असतं तसंच. घोड्यांच्या शर्यती, दारू, शेअर बाजार. १९२९ ला बाजार कोसळला, तेव्हा त्याचे पैसे बुडाले आणि निस्तरलं वडिलांनी. मग फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन या घरच्या हॉटेलात मॅनेजर. तुमच्या ओळखीत असा एखादा दादा असेलच, ज्याच्याबद्दल काकू-मावश्या लग्नात कुजबुजतात.

त्याला ताळ्यावर आणलं फ्रान्सिस अप्टनने. ब्रॉडवेची नावाजलेली नटी. पिणाऱ्याशी लग्न करणार नाही, हे तिने स्पष्ट केलं आणि बर्टने दारू सोडली ती सोडलीच. १९३३ मध्ये त्याने मित्रांबरोबर फिलाडेल्फियाचा फुटबॉल संघ २,५०० डॉलरना घेतला, त्यातही फ्रान्सिसने त्याला पैसे दिले. पुढच्या वर्षी लग्न झालं. संघाचं नाव ठेवलं ईगल्स, म्हणजे गरुड. मंदीतून देश वर काढायला रूझवेल्ट सरकारने जी योजना काढली होती, तिच्या चिन्हावरचा निळा गरुड त्याने उचलला.

नाव गरुडाचं, पण उडतंय कोण! १९३३ ला नऊपैकी तीन विजय, १९३४ ला अकरापैकी चार, १९३५ ला अकरापैकी दोन. बर्ट स्वतः शहरात फिरून तिकिटं विकायचा.

संघ हरत का होता? कारण चांगले खेळाडू त्याच्याकडे येतच नव्हते. त्या काळी कॉलेजचा खेळाडू मोकळा असायचा, जो जास्त देईल त्याच्याकडे जायचा. न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो बेअर्स, ग्रीन बे पॅकर्स हे जिंकणारे संघ. त्यांच्याकडे नाव होतं, गर्दी होती, त्यामुळे पैसा होता. पैसा म्हणून खेळाडू, खेळाडू म्हणून विजय, विजय म्हणून परत पैसा. खालच्यांनी खालीच राहायचं. मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका नावाच्या धिप्पाड खेळाडूसाठी बर्टने जीव तोडून प्रयत्न केले, पण तो गेला ब्रुकलिनला. बर्टच्या डोक्यात ठिणगी पडली ती तिथे.

मे १९३५ मध्ये पिट्सबर्गला मालकांची बैठक झाली. तिथे बर्टने मांडलं, की सगळ्या नव्या खेळाडूंची एक यादी करू, जो तळाला असेल तो पहिला निवडेल, आणि ज्याने ज्याला निवडलं त्याच्याशी दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. गंमत बघा, यात नुकसान होतं ते बेअर्सच्या जॉर्ज हॅलसचं आणि जायंट्सच्या टिम माराचं. तरी दोघांनी होकार दिला. रोज तोच जिंकणार असेल तर तिकीट कोण काढणार, एवढा हिशोब त्यांना कळत होता.

८ फेब्रुवारी १९३६. जागा, बर्टचंच रिट्झ-कार्लटन हॉटेल. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ निवडी. फळ्यावर ९० नावं लिहिलेली. आज खेळाडूची उडी, पळणं, पंजाची रुंदीसुद्धा मोजतात. तेव्हा बहुतेक मालकांकडे वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि ओळखीच्या कोचचा शब्द, एवढंच होतं. पहिला नंबर अर्थातच तळातल्या ईगल्सचा. म्हणजे नियम ज्याने सुचवला, पहिला फायदा त्यालाच. त्याने घेतला जे बर्वॅंगर, शिकागो विद्यापीठाचा, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तुम्ही मॉक ड्राफ्ट केला असतात तर डोळे मिटून हेच नाव लिहिलं असतंत.

आणि बर्वॅंगर आलाच नाही! त्याने मागितलेले पैसे बर्टला परवडेनात. बर्टने त्याचे हक्क बेअर्सना देऊन टाकले, हॅलसचंही त्याच्याशी जमलं नाही. एनएफएलच्या इतिहासातला पहिला निवडलेला खेळाडू एनएफएलचा एकही सामना न खेळता फोम रबरच्या कंपनीत सेल्सच्या नोकरीला लागला. बर्टने त्या दिवशी निवडलेल्या नऊपैकी एकही जण ईगल्समध्ये आला नाही. त्याच वर्षी त्याने लिलावात ४,५०० डॉलर देऊन अख्खा संघ एकट्याच्या नावावर केला, कोचही स्वतःच झाला आणि बारापैकी अकरा सामने हरला.

त्या खोलीत तयारी करून आला होता तो जायंट्सच्या मालकाचा मुलगा, वेलिंग्टन मारा. वय १९, कॉलेजात शिकणारा. या पठ्ठ्याने गावोगावची वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवून देशभरच्या खेळाडूंची टिपणं काढली होती. वॉशिंग्टनला जाऊन तो टफी लीमन्स नावाच्या खेळाडूला भेटला, तर लीमन्सला वाटलं, पोरगं सही मागायला आलंय! वेलिंग्टनने वडिलांच्या मागे लागून दुसऱ्या फेरीत लीमन्सला घ्यायला लावलं. पहिल्याच मोसमात चेंडू घेऊन सगळ्यात जास्त यार्ड पळणारा खेळाडू ठरला तो लीमन्स. मॉक ड्राफ्ट करणाऱ्यांचा कुणी मूळपुरुष शोधायचा झाला, तर माझं मत या एकोणीस वर्षांच्या मुलाला.

मधली वर्षं भराभर सांगते. १९४० च्या सुमाराला मालकीच्या अदलाबदलीत बर्टच्या हातून ईगल्स गेले आणि तो मित्र आर्ट रूनीबरोबर पिट्सबर्ग स्टीलर्सचा भागीदार झाला. कोच म्हणून त्याचे सगळे मिळून १० विजय, ४६ पराभव. ११ जानेवारी १९४६ ला मालकांनी त्याला लीगचा कमिशनर केलं. कारण सरळ होतं, मैदानावर इतका हरलेला माणूस तळाच्या संघांना कधी विसरणार नाही. वर्षाचं वेळापत्रक तो घरी जेवणाच्या टेबलावर मुलांचे डॉमिनोचे ठोकळे मांडून बनवायचा. मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्यांची गाठ दुबळ्यांशी घालायची, म्हणजे निदान काही आठवडे कुणाचीच आशा मरत नाही.

पण त्याच्याच काळात एक विचित्र नियम आला. १९४७ पासून पहिला नंबर चिठ्ठी टाकून ठरू लागला, एका संघाला एकदाच. पहिलीच चिठ्ठी निघाली बेअर्सची, जे आदल्याच मोसमात चॅम्पियन झाले होते. घ्या! हा प्रकार १९५८ पर्यंत चालला.

आता तुम्हाला एक काम देते. साल १९५७, संघ क्लीव्हलंड ब्राउन्स. त्यांचा महान क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम १९५५ च्या मोसमानंतर निवृत्त झालाय, त्याच्याशिवाय १९५६ ला संघ बारापैकी फक्त पाच सामने जिंकलाय. सांगा, कुणाला घेतील? क्वार्टरबॅक, बरोबर. कोच पॉल ब्राउनलाही तोच हवा होता. पण स्टीलर्सचीही कामगिरी तेवढीच होती, म्हणून आधी कोण ते नाणं उडवून ठरलं आणि ब्राउन्स हरले. पाचव्या नंबरवर स्टीलर्सनी क्वार्टरबॅक लेन डॉसनला उचललं. सहाव्या नंबरवर ब्राउन्सनी नाइलाजाने घेतला एक धावणारा गडी, जिम ब्राउन. नऊ मोसम खेळला, त्यातल्या आठ मोसमांत सगळ्यात जास्त यार्ड त्याचेच.

म्हणजे खिंडार बघून केलेलं भाकीत सपशेल चुकलं असतं आणि संघाचं त्यातच भलं झालं. स्टीलर्सची तर फारच गंमत. दोनच वर्षांपूर्वी आपल्याकडे क्वार्टरबॅक पुरेसे आहेत म्हणून त्यांनी नवव्या फेरीत घेतलेल्या एका पोराला मोसम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं होतं. तो पोरगा सामन्याला सहा डॉलर घेऊन स्थानिक संघात खेळत राहिला. मग बाल्टिमोर कोल्ट्सनी त्याला बोलावलं आणि १९५८ ला त्याने त्यांना चॅम्पियन केलं. त्याचं नाव जॉनी युनायटस.

आपल्याकडेही हे झालंय. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या मोसमात एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंसाठी असाच ड्राफ्ट झाला. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवान घेतला. घरचा विराट कोहली बंगळुरूला गेला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहते. आपण संघाची गरज मोजतो, खेळाडूची कोण मोजतं? समजा कॅम्पस प्लेसमेंटला तुम्हाला एकाच कंपनीने बोलावलं, तीही या वर्षी सगळ्यात तोट्यात असलेली, आणि बाकीच्यांना तुमच्याशी बोलायलाच बंदी. पगार वाढवून मागायचा तर कुणाच्या जोरावर? दुबळ्या संघाला उचलायचा हिशोब बर्टने मांडला, पण त्याची किंमत बावीस वर्षांच्या मुलांनी चुकवली. बर्वॅंगरकडे निदान दुसरी नोकरी होती. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉललाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो असा निकाल दिला. बर्टला संसदेच्या समितीपुढे जाऊन ड्राफ्टची बाजू मांडावी लागली. तिथेच त्याने खेळाडूंच्या संघटनेला मान्यता दिली, मालक नाराज होणार हे माहीत असूनसुद्धा. ड्राफ्ट मात्र त्याने सोडला नाही.

११ ऑक्टोबर १९५९, रविवार. फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन फील्ड, जिथे तो कॉलेजात खेळला होता. सामना ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, त्याचे दोन्ही जुने संघ. कमिशनर असूनही तो स्वतःच्या पैशाने तिकीट काढून लोकांमध्ये बसायचा, तसाच बसला होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ६४. ईगल्स २८-२४ जिंकले.

त्याचा मुलगा अप्टन पुढे बाल्टिमोर कोल्ट्समध्ये नोकरीला लागला. खेळाडू निवडणाऱ्या विभागात.