बाराव्या वर्षीची पाटी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळरावांच्या हाती खऱ्या अर्थाने पाटी आली ती बाराव्या वर्षी. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि शेतकऱ्याघरचा मुलगा सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर आला. तोवर अक्षरओळखही जेमतेमच. इलियटसाहेबांच्या देखरेखीखाली सहा वर्षे कसून अभ्यास झाला आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

ही हकीकत आपल्याकडच्या जुन्या घरांत सर्वांना पाठ आहे. उशिरा शिकूनही माणूस किती पुढे जातो याचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते. महाराजांनी मात्र त्यातून वेगळाच बोध घेतला. आपल्याला दैवाने जे मिळाले, ते रयतेच्या मुलांना दैवावर सोडायचे नाही, असे त्यांचे धोरण राहिले.

१८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून पाहण्यात आले. १९०६ साली ती सक्ती सबंध राज्याला लागू झाली; मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वये ठरली. १९११ साली नामदार गोखल्यांनी असाच कायदा देशासाठी मांडला, तो पुढच्याच वर्षी फेटाळला गेला.

पण सक्ती म्हणजे दंड आलाच. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होई, आणि ज्याच्या घरी गुरे राखायला दुसरे कोणी नाही, त्याच गरिबाला तो जड जाई. शिवाय बाराव्या वर्षी सक्ती संपे. ज्या वयात महाराजांनी स्वतः पाटी हाती घेतली, त्याच वयात कुणब्याच्या मुलाने ती खाली ठेवली तरी कायद्याची हरकत नव्हती.

ही उणीव महाराजांच्या नजरेतून सुटली नाही. दोन बुकें शिकून बाहेर पडलेला मुलगा चार वर्षांत अक्षरे विसरतो. म्हणून १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी गावोगाव वाचनालयांचे जाळे उभारले. गावाने जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच भर पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, अशी व्यवस्था होती. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. त्याआधी १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले होते. तेथे रंगाई, विणकाम, यंत्रविद्या असे हाताला काम देणारे विषय देशी भाषेतून शिकवले जात. दादासाहेब फाळके काही काळ तेथलेच विद्यार्थी.

आणि १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो, म्हणून या गोष्टीचे मोल मला अधिक वाटते. तालीम ही तोवर घराण्याच्या उंबरठ्याआतली वस्तू. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके छापली, आणि गवयाचा मुलगा नसलेल्यालाही गाणे शिकण्याची वाट मोकळी झाली.

तरीही एक सल उरतोच. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले. १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा जातीपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. महाराज शिक्षण देऊ शकले. शेजार देणे आपल्या हाती होते, ते आपण दिले नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराज निवर्तले. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत नेला. माझ्या वर्गातला एक गुणी मुलगा पंधराव्या वर्षी शाळा आणि तंबोरा दोन्ही ठेवून दुकानात कामाला लागला. बापावर रागावण्यात अर्थ नव्हता. घरी मिळवते हात कमी होते. आता दुकान बंद झाल्यावर, रात्री साडेआठला, मी त्याची शिकवणी घेतो. वेळ शाळेने बदलावी, मुलाने नव्हे, एवढे तरी कवळाण्याच्या त्या मुलाकडून शिकता येते.