पापवा सेवगोलम : उलट्या पकडीचा गोल्फपटू

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असं मुलांना सांगून आपण मोकळे होतो. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक मुलांनी तो टीव्हीवरच पाहिलेला असतो. पण याच खेळात एका गिरमिटिया कुटुंबातल्या माणसाने नाव काढलं. त्यांचं नाव सेवसंकर सेवगोलम, सगळे पापवा म्हणत.

१८६० पासून भारतातून हजारो मजूर करारावर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये उसाच्या मळ्यांत नेले गेले. पापवा त्यांच्याच वंशातले. डर्बनमध्ये ते वाढले. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. लहानपणीच ते कॅडी झाले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा. त्या काठीला क्लब म्हणतात. चेंडू एकेका खड्ड्यात घालत अठरा खड्डे पुरे करायचे आणि क्रिकेटच्या उलट, ज्याचा आकडा कमी तो जिंकला. (हे मुलांना आधीच सांगावं, नाहीतर हमखास गोंधळ होतो.)

पापवांना कोणी शिकवलंच नाही. उजव्या हाताने खेळणारा बॅट धरतो तेव्हा डावा हात वर, उजवा खाली. गोल्फमध्येही तसंच. पापवांचे हात नेमके उलटे! वर्गात एखाद्याला पट्टी धरायला लावून बघा, किती अवघड जातं ते कळेल. ती पकड त्यांनी कधी बदलली नाही. त्याच पकडीने त्यांनी १९५९, १९६० आणि १९६४ साली डच ओपन जिंकली.

पण घरी वर्णभेदाचा कायदा होता. १९६३ ची नाताळ ओपन त्यांनी गोऱ्या खेळाडूंना हरवून जिंकली. क्लबच्या इमारतीत मात्र गोऱ्यांशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. बाहेर पाऊस, आत हरलेले खेळाडू, आणि विजेत्याने करंडक स्वीकारला तो पावसात उभं राहून. तो फोटो जगभर छापला गेला, सरकारची छी-थू झाली.

१९६५ मध्ये त्यांनी ही स्पर्धा पुन्हा जिंकली. या वेळी मागे पडले ते गॅरी प्लेअर, त्याच वर्षी यू. एस. ओपन जिंकलेले. मग सरकारने मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद केले, पासपोर्टही काढून घेतला. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. १९७८ साली, पन्नाशीच्या आतच, पापवा वारले.

डर्बनमध्ये आज एका गोल्फ मैदानाला पापवा सेवगोलम यांचं नाव आहे.