विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांनी इलेक्ट्रिक गिटारचे जग कसे घडवले?

नवी इलेक्ट्रिक गिटार घरी आली की तिची छायाचित्रे काढायची, शेजारी नवा ॲम्प्लिफायर आणि पेडल मांडायचे आणि ती खरेदी इतर हौशींना दाखवायची, ही जगभरच्या गिटारप्रेमींची सवय. त्यावर येणारे प्रश्नही ठरलेले. कोणत्या वर्षाची? पिकअप मूळचे की बदललेले? नेक तीन स्क्रूंनी बसवलेला की चार? या प्रश्नांचे मूळ कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात सापडते. दुकानाचे मालक होते लिओ फेंडर. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, तरीही त्यांनी आखलेली टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ही मॉडेल सत्तर वर्षांनंतरही मोठ्या प्रमाणावर विकली जातात.

लिओ फेंडर कोण होते?

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाल्याने तो डोळा काढावा लागला आणि तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. तेराव्या वर्षी वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या काकांनी त्यांना रेडिओच्या टाकाऊ सुट्या भागांनी भरलेले खोके पाठवले. पुढच्या वर्षी त्यांनी काकांच्या दुकानात सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ मोठ्या आवाजात वाजताना ऐकला. लहानग्या लिओवर त्याचा खोल परिणाम झाला आणि रेडिओ दुरुस्तीचा नाद लागला.

शिक्षण मात्र त्यांनी हिशेबनिसाचे घेतले. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकरी केली. महामंदीच्या काळात ती गेली, नंतर टायर कंपनीतील नोकरीही टिकली नाही. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले. तेथे रेडिओ दुरुस्त होत आणि समारंभांसाठी ध्वनिक्षेपक भाड्याने मिळत. स्थानिक वादक आपले नादुरुस्त ॲम्प्लिफायर आणि गिटार घेऊन याच दुकानात येऊ लागले.

त्यांच्याआधी इलेक्ट्रिक गिटार नव्हती का?

होती. रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाची इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती, तर १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० बाजारात आणली होती. तत्त्वही माहीत होते. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळले की पिकअप तयार होतो. त्याच्यावरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये अत्यल्प विद्युत संकेत निर्माण होतो. हा संकेत ॲम्प्लिफायर मोठा करतो.

अडचण गिटारच्या पोकळ पेटीची होती. आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेल्या ध्वनीने पेटी स्वतःच थरथरू लागे आणि कर्कश शिट्टीसारखा आवाज सुरू होई. नृत्यगृहांत तालवाद्ये आणि पितळी वाद्यांच्या गलक्यात गिटारवादकाला आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर नसे. भरीव लाकडाची बॉडी हा त्यावरचा उपाय होता. तो सुचलेले फेंडर हे एकटे नव्हते. वादक लेस पॉल यांनी असे प्रयोग केले होते. पॉल बिग्सबी यांनीही १९४८ च्या सुमारास मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी अशी गिटार बनवली होती. पण ही वाद्ये एकेका वादकासाठी हाताने घडवलेली होती. कारखान्यात एकसारखी हजारो बनतील आणि सामान्य वादकाला परवडतील अशी भरीव गिटार फेंडर यांनी तयार केली.

टेलिकास्टरमध्ये वेगळे काय होते?

फेंडर यांची सुरुवात मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या लॅप स्टील गिटारपासून झाली. हिंदी चित्रपटगीतांच्या श्रोत्यांना हे वाद्य हवाईयन गिटार म्हणून परिचित आहे. डॉक कॉफमन यांच्यासोबत १९४५ मध्ये त्यांनी ‘के अँड एफ’ ही कंपनी काढली. कॉफमन पुढच्याच वर्षी बाहेर पडले. नंतर जॉर्ज फुलर्टन हे सहकारी आले आणि १९५० मध्ये फेंडर यांची भरीव बॉडीची एस्क्वायर बाजारात दाखल झाली. दोन पिकअपचे मॉडेल आधी ब्रॉडकास्टर या नावाने विकले गेले. तसेच नाव आपल्या ड्रमचे असल्याचा आक्षेप ग्रेच कंपनीने घेतल्यावर १९५१ मध्ये ते टेलिकास्टर झाले. टेलिव्हिजनच्या नवलाईच्या काळातील हे नाव विक्री प्रमुख डॉन रँडल यांनी सुचवले होते. दोन नावांच्या मधल्या काही महिन्यांत गिटारवर मॉडेलचे नावच नव्हते. संग्राहक त्या गिटारांना आज ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात.

खरी क्रांती या गिटारच्या जोडणीत होती. पारंपरिक गिटारचा नेक बॉडीला सरसाने चिकटवलेला असे. तो वाकला किंवा फ्रेट झिजले तर कुशल कारागीर गाठावा लागे. फेंडर यांनी नेक चार स्क्रूंनी बसवला. खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. पिकअप, स्विच आणि आवाज कमी-जास्त करणारी बटणे धातूच्या पट्ट्यांवर बसवलेली असल्याने स्क्रू सोडवले की सगळे हाताशी येई. दुकानात वर्षानुवर्षे दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रे उघडलेल्या माणसाची ही दृष्टी होती. टीकाकारांनी या वाद्याची तुलना फळकुटाशी केली, पण वादकांनी ते उचलून धरले.

हौशी आज पिकअप बदलतात, दुसऱ्या कंपनीचा नेक बसवतात, स्विच आणि पूल वेगळा लावतात, त्याचे श्रेय या रचनेला जाते. सुटे होणारे वाद्य आल्यामुळेच सुट्या भागांचा स्वतंत्र बाजार उभा राहू शकला.

बेस गिटार आणि स्ट्रॅटोकास्टर कशी जन्मली?

वाद्यवृंदातील बेसवादकाला माणसाएवढे उंच डबल बेस वाहून न्यावे लागे आणि गोंगाटात त्याचा आवाजही पोहोचत नसे. १९५१ मध्ये फेंडर यांनी गळ्यात अडकवता येणारी इलेक्ट्रिक बेस गिटार आणली. तिच्या नेकवर फ्रेट असल्याने बोट थोडे मागेपुढे पडले तरी स्वर अचूक लागे, म्हणून नाव ‘प्रिसिजन बेस’. तिच्यासाठी त्यांनी ‘बासमन’ हा ॲम्प्लिफायर केला. त्याच्याच सर्किटच्या धर्तीवर लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला आणि रॉक संगीताच्या दणदणीत आवाजाची पायाभरणी झाली.

वाजवता येत नसल्याने फेंडर यांना वादकांवर अवलंबून राहावे लागे. लहानपणी ते पियानो आणि सॅक्सोफोन शिकले होते, पण गिटार सुरात लावणेही त्यांना जमत नसे. त्यामुळे नमुना तयार झाला की तो स्थानिक वादकांच्या हाती द्यायचा आणि तक्रारी ऐकून बदल करायचे, हीच त्यांची पद्धत झाली. टेलिकास्टरच्या टोकदार कडा छातीला आणि हाताला बोचतात, अशी वादकांची तक्रार होती. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या कडा त्यामुळे शरीराच्या ठेवणीनुसार तासलेल्या होत्या. हवाईत जन्मलेले वादक फ्रेडी टॅव्हारेस यांचा तिच्या आराखड्यात मोठा वाटा होता. तीन पिकअप आणि स्वर लहरवणारा दांडा असलेल्या या गिटारची किंमत तेव्हा २४९.५० डॉलर होती.

वादकांनी आराखड्याच्या पलीकडचे उपयोगही शोधले. स्ट्रॅटोकास्टरचा स्विच तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवत, त्यामुळे दोन पिकअप एकदम चालू होऊन वेगळाच आवाज निघे. कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडले.

भरभराटीत असलेली कंपनी त्यांनी का विकली?

कारण प्रकृती. १९५०च्या दशकापासून सायनसच्या चिवट संसर्गाने फेंडर बेजार झाले होते. आपण फार काळ जगणार नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. दुसरीकडे, बीटल्सच्या लाटेमुळे गिटारची मागणी प्रचंड वाढली होती. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण समूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. काही महिन्यांपूर्वी सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघातील ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरना घेतला होता. गिटारच्या कारखान्यासाठी ही रक्कम किती मोठी होती, हे त्यावरून कळते.

व्यवहारानंतर काही वर्षांनी नव्या डॉक्टरांच्या प्रतिजैविकांनी त्यांचा आजार बरा झाला. पण तोवर कंपनी गेली होती. दहा वर्षे स्पर्धेत न उतरण्याची अट होती आणि स्वतःचे आडनाव वाद्यावर लावण्याचा हक्कही उरला नव्हता.

‘सीबीएसपूर्व’ गिटारांना एवढे मोल का?

गिटारप्रेमींच्या बोलण्यात १९६५ ही लक्ष्मणरेषा आहे. सीबीएसच्या काळात उत्पादन वाढले आणि खर्चाला कात्री लागली. लाकूड, जोडणी आणि रंगाच्या जाड थरांविषयी तक्रारी वाढल्या. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरचा नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर आला. तीन स्क्रू म्हणजे घसरणीची खूण, असे मानणारे हौशी आजही आहेत. मात्र त्या नेकसोबत आलेली, कोन बदलण्याची सोय खुद्द लिओ फेंडर यांनी आखलेली होती. दोष कल्पनेपेक्षा कारखान्यातील सैल जोडणीत अधिक होता.

लिलावांतील आकडेही या लक्ष्मणरेषेला छेद देतात. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. ती १९६९ ची, म्हणजे सीबीएसच्या काळातील. त्याच लिलावात त्यांच्याच संग्रहातील १९५४ च्या, ०००१ क्रमांकाच्या स्ट्रॅटोकास्टरला १८ लाख १५ हजार डॉलर मिळाले. निर्वाणाचे कर्ट कोबेन यांची २०२२ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरना गेलेली फेंडर मस्टँगही १९६९ चीच होती. जिमी हेंड्रिक्स यांनी वुडस्टॉकमध्ये वाजवलेली स्ट्रॅटोकास्टर १९६८ ची. वाद्य कोणाच्या हातात होते, याला कारखान्याच्या मालकापेक्षा अधिक किंमत मिळते, असा याचा अर्थ.

नाव गमावल्यावर फेंडर यांनी काय केले?

ते पुन्हा कामाला लागले. जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी उभ्या केलेल्या म्युझिक मॅन कंपनीचे ते १९७५ मध्ये अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये आलेली ‘स्टिंगरे’ बेस गिटार आजही लोकप्रिय आहे. भागीदारांशी मतभेद झाल्यावर त्यांनी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ ही कंपनी काढली. नावातील दोन अक्षरे म्हणजे जॉर्ज आणि लिओ. पत्नी एस्थर यांचे १९७९ मध्ये कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला.

जी अँड एलमध्ये त्यांनी पिकअप नव्याने आखले, स्वर लहरवणाऱ्या दांड्याची यंत्रणा सुधारली आणि हीच आपली आजवरची सर्वोत्तम वाद्ये असल्याची ग्वाही जाहिरातींतून दिली. ग्राहकांनी ती पूर्णपणे मानली नाही. त्यांना याच माणसाने वीस-तीस वर्षांपूर्वी बनवलेल्या गिटार हव्या होत्या. जुन्या रचनेतील उणिवा दूर केल्याचे फेंडर सांगत होते आणि संग्राहक त्याच उणिवांसाठी पैसे मोजत होते. दरम्यान सीबीएसने फेंडर कंपनी १९८५ मध्ये तिच्याच अधिकाऱ्यांच्या गटाला १ कोटी २५ लाख डॉलरना विकली. वीस वर्षांपूर्वी मोजलेल्या रकमेपेक्षाही ही किंमत कमी होती.

अखेरच्या वर्षांत फेंडर यांना पार्किन्सन्सने गाठले, तरी कार्यशाळेत जाणे थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

आजच्या खरेदीदारासाठी याचा अर्थ काय?

जुन्या गिटारसारखी दिसावी म्हणून मुद्दाम रंग उडवलेल्या, कडा झिजवलेल्या नव्या गिटार आज साध्या गिटारपेक्षा महाग विकल्या जातात. वर्ष, स्क्रू आणि रंगाचा थर यांवरून वाद्याची पारख होते. फेंडर यांच्या लेखी ही वाद्ये पूजेची नव्हती. पिकअप चांगला वाजत नसेल तर बदलावा, नेक झिजला असेल तर दुसरा लावावा आणि वादकाने कामावर जावे, यासाठी त्यांनी ती स्क्रूंनी जोडली होती. त्यांची कामाची खोली जी अँड एलने पुढे अनेक वर्षे ते सोडून गेले त्याच स्थितीत जपली.