कृष्णलीलेची नर्तिका मेनका

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री देवळादेवळांतून पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि त्याआधी दोन घटका कीर्तनकारबुवा कृष्णजन्माचे आख्यान रंगवीत असतात. आख्यान भरात आले की बुवा दोन पावले पुढे सरकतात, उपरण्याचा पदर डोक्यावर ओढून क्षणभर यशोदा होतात, दुसऱ्या क्षणी लोण्याचा गोळा लपविणारा बाळकृष्ण होतात. पायांतील चाळ वाजतात, मृदंगी त्यावर थाप देतो. आम्हां कोलाड-रोह्याकडील मंडळींना हे दृश्य परके नाही, आणि बुवा नाचले असे कोणी म्हणतही नाही. तो देवाचा गुणानुवाद असतो. नामदेवराय कीर्तनात नाचत आणि पांडुरंग त्यांच्यापुढे डोलत असे, हे तर आपल्या घराघरांत लहानपणीच ऐकविले जाते.

उत्तर हिंदुस्थानातील कथकांचा मूळ व्यवसाय याहून निराळा नव्हता. कथा सांगणारा तो कथक. अलाहाबादेजवळच्या हंडिया भागातील ब्राह्मण कथकांची घराणी देवळांतून पुराणकथा गात व अभिनयाने दाखवीत असत. पुढे काळ पालटला, राजाश्रय आला, आणि लखनौच्या नबाबी दरबारात या विद्येला नवी झळाळी चढली. दरबार बुडाले तेव्हा ही विद्या कोठ्यांवर गणिकांच्या आश्रयाने तगून राहिली. साहेबाने तिला नाच हे एकच तुच्छतादर्शक नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांनी नाचाविरुद्ध चळवळ उभारली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेला आळा घालणारा कायदा झाला. हेतू चांगला होता. परंतु प्रथेबरोबर कलाही बदनाम झाली, आणि कुलीन घरातील मुलीने पायात घुंगरू बांधणे म्हणजे कुळाला काळिमा, ही समजूत दृढ झाली. अशा दिवसांत एका सुशिक्षित, विवाहित स्त्रीने ते घुंगरू बांधले. तिचे नाव लीला सोखी. जग तिला मेनका म्हणून ओळखू लागले.

लीलाबाईंचा जन्म १५ ऑक्टोबर १८९९ रोजी पूर्व बंगालमधील बारिसाल येथे रॉय या जमीनदार घराण्यात झाला. ते बारिसाल आता बांगलादेशात आहे. घरचे वळण इंग्रजी, संस्कार उदार. त्यांचा विवाह साहिबसिंग सोखी या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांशी झाला. हेच सोखी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगच्या लसीचे काम जेथे चाले त्या संस्थेच्या संचालकाची पत्नी, तीही लष्करी अधिकाऱ्याची, कथकांच्या उस्तादांपुढे शिष्या म्हणून बसते, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईस पचण्याजोगी नव्हती. येथे डॉ. सोखींविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. पत्नीच्या कलेला नुसती संमती देणे निराळे आणि तिच्या पाठीशी आयुष्यभर उभे राहणे निराळे. त्यांनी दुसरी गोष्ट केली.

नृत्याकडे वळण्याची प्रेरणा लीलाबाईंना मिळाली ती रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोवा यांच्याकडून. पाव्हलोवाबाई हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आल्या असता येथील नृत्य पाहण्यासाठी उत्सुक होत्या, आणि आपल्या देशाची विद्या आपणच शोधावी हा सल्ला त्यांनी येथील अनेकांना दिला. उदयशंकर, रुक्मिणीदेवी आणि आपल्या लीलाबाई या तिघांच्याही चरित्रात ही परदेशी बाई भेटते. आपल्या घरातील मोहरांचा हंडा शेजाऱ्याने दाखवून द्यावा, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

लीलाबाईंचे पहिले गुरू पंडित सीतारामप्रसाद. त्यानंतर लखनौच्या कालका-बिंदादीन घराण्यातील अच्छन महाराज व लच्छू महाराज यांची तालीम त्यांना लाभली. हे दोघे कालकाप्रसादांचे पुत्र व बिंदादीन महाराजांचे पुतणे. आणि बिंदादीन महाराज म्हणजे कृष्णभक्तीने ओथंबलेल्या ठुमऱ्यांचे कर्ते. या घराण्यात नृत्य शिकणे म्हणजे एका अर्थी कृष्णचरित्राचे पारायणच. शिष्या आधी तत्कार घोटते. सोळा मात्रांचा त्रिताल, त्याची पहिली मात्रा ती सम, आणि कितीही चकरा घेतल्या, कितीही तोडे-तुकडे घातले तरी पाऊल नेमके समेवर पडले पाहिजे. एकेका पायावर शंभर-शंभर घुंगरू. सगळे एकदम वाजविणे सोपे, त्यांतील एकच वाजविणे कठीण. हे साधले की गत येते. माखनचोरीची गत, पनघटाची गत, कालियामर्दनाची गत. एकच नर्तिका घट घेऊन चालणारी गोपी होते, मान वळवून खडा मारणारा कृष्ण होते, फुटलेल्या घागरीकडे पाहून पुन्हा गोपी होते. बुवांच्या उपरण्याच्या पदराची आठवण येथे कोणासही यावी. विशीच्या पुढे वय गेलेल्या, इंग्रजी शिकलेल्या स्त्रीने ही तालीम पहिल्या पाठापासून घेतली, याचे मोल नृत्याच्या वर्गास मुलगी धाडणाऱ्या मातांना अधिक कळेल.

रंगभूमीसाठी मेनका हेच नाव त्यांनी का घेतले असेल? धर्मनिष्ठ मनाला ते प्रथम खटकते. विश्वामित्रांचा तपोभंग करणारी ती अप्सरा! परंतु तीच शकुंतलेची माता, म्हणजे ज्या भरताच्या नावाने हा देश ओळखला जातो त्याची आजी, हेही विसरता येत नाही. नर्तिकेविषयी समाजाच्या मनात असलेली अढी ज्या नावात साठलेली आहे तेच नाव धारण करून त्यांनी ती अढी अंगावर घेतली, असे आम्हांस वाटते. याच कथेवर त्यांनी मेनका-लास्यम् ही नृत्यनाटिकाही रचली.

त्यांच्या कार्याचा गाभा म्हणजे या नृत्यनाटिका. कथक तोवर मुख्यतः एकट्याचे नृत्य होते. मैफलीत, बैठकीच्या चार-पाच हातांच्या जागेत चालणारे. मेनकाबाईंनी ते नाट्यगृहाच्या रंगमंचावर आणले, एका नर्तिकेच्या जागी सबंध संच उभा केला, वेषभूषेत व प्रकाशयोजनेत शिस्त आणली आणि संवादाविना केवळ नृत्य व वाद्यसंगीत यांतून पौराणिक कथा उभी केली. कथकाच्या जोडीला कथकली आणि मणिपुरी यांतील अंगेही त्यांनी घेतली. त्यांच्या पहिल्या नाटिकांपैकी एक कृष्णलीला. देवविजय-नृत्य ही दुसरी. कृष्णलीलेसारखा विषय आरंभीच हाती घेण्यात त्यांचे शहाणपण दिसते. जी कथा घरोघर पूजिली जाते, ती पाहण्यास घरंदाज स्त्रियांना संकोच कशाचा? ज्या कथेतून ही विद्या जन्मली, त्या कथेकडे तिला त्यांनी परत नेले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नृत्याला कुलीनता मिळाली ती ज्यांनी ते पडत्या काळात जपले त्या गणिकांना बाजूस सारून. दोन-तीन पिढ्या ज्या स्त्रियांनी गती, ठुमऱ्या आणि अदाकारी सांभाळली, त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर आली नाहीत. हा दोष एकट्या मेनकाबाईंचा नव्हे, त्या सबंध काळाचा आहे. पण उत्सवाच्या पानावर गोड तेवढेच लिहावे असा काही नियम नाही.

१९३६ साली त्या आपला संच घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाल्या आणि १९३८ पर्यंत गावोगाव शेकडो प्रयोग केले. संचात सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे कलावंत होते. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वर्षी आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सव भरला होता. त्यात त्यांच्या संचास पारितोषिके मिळाली. तो हिटलरचा जर्मनी होता, आणि त्या झगमगाटामागे काय शिजत होते हे आज आपणांस ठाऊक आहे. तरीही रुपेरी मुकुटातला श्रीकृष्ण त्या परक्या भूमीवर बासरी घेऊन उभा राहिला आणि परक्या प्रेक्षकांनी त्याला पाहिले, हे खरे.

या संचात एक मराठी मुलगी होती. तिची हकीकत सांगण्यासाठीच आम्ही गोकुळाष्टमीचा मुहूर्त धरला. दमयंती जोशी ही १९२८ साली मुंबईत जन्मलेली. सोखी दांपत्याने आपले अपत्य गमावले होते. या मुलीवर त्यांचा जीव जडला आणि तिला दत्तक घेण्याची इच्छा त्यांनी तिच्या आईपाशी, वत्सलाबाईंपाशी, व्यक्त केली. वत्सलाबाईंनी मुलगी देण्यास नकार दिला. मात्र दोघींनी मिळून तिला वाढवावे, याला त्या कबूल झाल्या. एक जन्म देणारी आणि एक घडविणारी. देवकी आणि यशोदा एकाच लेकराच्या दोन बाजूंस! मथुरेच्या कथेत देवकीच्या वाट्याला ताटातूट आली होती. येथे ती टळली, आणि ती टळली याचे श्रेय आम्ही दोन्ही मातांना देतो. वत्सलाबाईंचा धीर तर विशेषच म्हटला पाहिजे. १९३० नंतरच्या त्या दशकात ब्राह्मण घरातील मुलीला नाचाच्या संचातून समुद्रापार जाऊ देणाऱ्या आईला काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना कोकणातील कोणत्याही आळीत राहिलेल्या माणसाला सहज करता येईल. दहाएक वर्षांच्या दमयंतीने युरोपच्या रंगमंचांवर पावले टाकली. पंधराव्या वर्षी ती संचातील प्रमुख नर्तिका झाली.

युरोपहून परतल्यावर मेनकाबाईंनी खंडाळ्यास नृत्यालयम् ही संस्था काढली. आमच्या कोलाडहून निघून वाकणच्या फाट्याला वळावे, पालीस बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे, पुढे खोपोली आणि मग बोरघाट चढला की खंडाळा. वाट फार लांबची नव्हे. पावसाळ्यात जेथे ढग दारातून आत येतात अशा त्या ठिकाणी विद्यार्थिनी राहून शिकत. गुरूही तेथेच राहत. कथक, कथकली आणि मणिपुरी यांचे शिक्षण एकाच छपराखाली मिळे. देवळाच्या ओसरीवर किंवा कोठ्याच्या जिन्याशी जी विद्या शोधावी लागे, ती घाटमाथ्यावरच्या एका नियमबद्ध शाळेत मिळू लागली. शिरीन वजिफदार ही पारशी घरातील मुलगी येथेच शिकली व पुढे नामांकित झाली. मद्रासकडे रुक्मिणीदेवींनी १९३६ साली कलाक्षेत्र स्थापिले, त्याच्याशी तुलना करण्याजोगा हा प्रयत्न होता. पण कलाक्षेत्र टिकले. नृत्यालयम्‌ला युद्धाचा काळ आणि संस्थापिकेचे आजारपण या दोहोंनी गाठले.

१९३९ च्या सुमारास त्यांनी कालिदासाचे मालविकाग्निमित्र नृत्यनाटिकेच्या रूपाने सादर केले. निवड मार्मिक होती. मालविका ही राजकन्या, परंतु दैवयोगाने दासी म्हणून राहिलेली. तिची नृत्यपरीक्षा राजसभेत होते. नाटकातील ही परीक्षा मेनकाबाईंनी स्वतःच्या आयुष्यातही दिलेली होती.

त्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना ग्रासले. ज्या देहाने तासन् तास तत्कार केली तो देह अंथरुणाला खिळला. ३० मे १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अडीच महिने आधी, त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्याच वर्षी त्यांचे गुरू अच्छन महाराजही गेले. आणि त्याच १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारतीची स्थापना केली. त्याही पुढे लच्छू महाराजांकडे शिकल्या.

दमयंतीबाईंनी गुरूची विद्या एकट्याच्या नृत्यात पुढे नेली. त्या शंभू महाराजांकडे शिकल्या, जयपूर घराण्याचे हिरालालजी यांच्याकडेही शिकल्या. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मश्री त्यांना मिळाली. २००४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. कथकासाठी साडी हा वेष रंगमंचावर प्रथम आणला तो त्यांनी, असे नृत्यजाणकार मानतात. मोगली अंगरखा व ओढणी यांऐवजी आपल्या आया-आज्यांचे वस्त्र नेसून ती नर्तिका उभी राहिली तेव्हा प्रेक्षागृहातील गृहिणींना ती आपल्यातलीच वाटली असावी.

आज रायगड जिल्ह्यातील गावांतूनही मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक परीक्षांना बसतात. तोंडाने पढंत म्हणत, हाताने ताल देत त्या तत्कार घोटतात, आणि दहीकाल्याच्या दिवशी सभामंडपात माखनचोरीची गत सादर करतात. आजी समोर जाजमावर बसलेली असते. समेवर पाऊल पडले की ती मान डोलावते आणि मग नातीच्या हातावर काल्याचा प्रसाद ठेवते.