थोरांची ओळख : कळफलकाचे जनक ख्रिस्तोफर शोल्स



घरी संगणक घ्यायचा ठरला की पालक आम्हाला हमखास विचारतात, कीबोर्ड कोणता घ्यावा? तारेचा की बिनतारी? साधा की महागडा? मराठी अक्षरांचा वेगळा मिळतो का? या प्रश्नांकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. पण त्याआधी ज्यांनी हा कळफलक आपल्या बोटांखाली ठेवला, त्या माणसाची ओळख करून घेऊ. जगात कोट्यवधी लोक रोज त्यांच्या मांडणीवर बोटे फिरवतात, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असते.

ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. शालेय वयातच ते एका छापखान्यात उमेदवारी करू लागले. खिळे जुळवणे, शाई लावणे, मुद्रिते तपासणे हीच त्यांची शाळा. १८३७ च्या सुमारास ते भावांच्या मागोमाग विस्कॉन्सिन प्रांतात आले आणि पुढे वर्तमानपत्राचे संपादक झाले. १८४८ मध्ये विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा ते तेथील सिनेटवर निवडून गेले.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट यंत्राच्या गोष्टीत झाकून जाते. १८५१ मध्ये त्यांच्या केनोशा गावी एका माणसाला जाहीरपणे फाशी दिली गेली. शोल्स यांनी आपल्या वर्तमानपत्रातून आणि नंतर विधिमंडळातून या शिक्षेविरुद्ध मोहीम चालवली. १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा रद्द केली. राज्याच्या कायद्यात ती पुन्हा आली नाही. शोल्स यांनी दुसरे काहीच केले नसते, तरी एवढ्यासाठी त्यांची आठवण ठेवायला हवी होती.

पुढे ते मिलवॉकी शहरात राहू लागले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या काळात त्यांना बंदरावरील जकात अधिकाऱ्याची नेमणूक मिळाली. फावल्या वेळात शोल्स क्लाइनस्टॉयबर यांच्या यंत्रशाळेत जात. तेथे सॅम्युअल सूल या मुद्रक मित्राबरोबर त्यांनी पानांवर क्रमांक छापणारे यंत्र बनवले आणि १८६६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच यंत्रशाळेत येणारे वकील कार्लोस ग्लिडन यांनी ते पाहून एक साधी शंका काढली. जे यंत्र आकडे छापते, ते अक्षरे का छापू शकणार नाही?

ती शंका शोल्स यांच्या मनात घर करून बसली. त्यांनी तारयंत्राची एक कळ घेतली, तिला एकच अक्षर जोडले आणि कार्बनच्या कागदातून ते उमटवून मित्रांना दाखवले. मग सर्व अक्षरांचे यंत्र तयार झाले. त्याला कळा होत्या पियानोसारख्या. २३ जून १८६८ रोजी शोल्स, ग्लिडन आणि सूल या तिघांच्या नावे पेटंट मिळाले.

येथून खरी परीक्षा सुरू झाली. जेम्स डेन्समोर नावाच्या गृहस्थांनी यंत्र न पाहताच, तोवरचा सहाशे डॉलरचा खर्च देऊन त्यात भागी घेतली. यंत्र पाहिल्यावर मात्र ते निकामी असल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले. सुधारलेले नमुने वॉशिंग्टनमधील लघुलेखक जेम्स क्लेफेन यांच्याकडे पाठवले जात. क्लेफेन दिवसभर ते बडवत, मोडत आणि दोषांची लांबलचक यादी परत पाठवत. शोल्स वैतागले. दोष आत्ताच कळलेले बरे, असे डेन्समोर त्यांना समजावत राहिले. सूल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. शोल्स पाच वर्षे नमुन्यामागून नमुना करत राहिले.

अक्षरांची मांडणी याच काळात बदलत गेली. सुरुवातीला अक्षरे वर्णक्रमानेच होती. त्याची खूण आजही शिल्लक आहे. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरे जवळजवळ क्रमानेच बसलेली दिसतील. पुढे क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी मांडणी का आली? अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून, असे पुस्तकांत सांगतात. पण इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी ई आणि आर ही अक्षरे तर शेजारीच आहेत! जपानमधील क्योतो येथील संशोधकांनी २०११ मध्ये असे मत मांडले, की तारयंत्र चालवणाऱ्यांच्या सोयीचा या मांडणीत मोठा वाटा असावा. तेव्हा मुलांनो, एकच कारण पाठ करून खात्रीने सांगू नका.

१८७३ मध्ये बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. किंमत १२५ डॉलर. ते शिवणयंत्रासारख्या घडवंचीवर बसवलेले होते आणि त्यात फक्त मोठी अक्षरे होती. लिहिलेली ओळ लिहिणाऱ्याला लगेच दिसतही नसे. खप बेताचाच झाला. १८७८ मध्ये शिफ्टची कळ असलेले दुसरे यंत्र आले, तेव्हा कुठे धंदा वाढला. शोल्स यांनी मात्र आपला हक्क ठोक रकमेला, सुमारे १२,००० डॉलरला, विकून टाकला होता. डेन्समोर यांनी प्रत्येक यंत्रामागे मोबदला ठरवून घेतला होता, त्यामुळे ते पुढे श्रीमंत झाले.

शोल्स यांना समाधान होते ते वेगळेच. टंकलेखनामुळे स्त्रियांना कचेरीत मानाचे काम मिळू लागले. न्यूयॉर्कमध्ये १८८१ मध्ये स्त्रियांसाठी टंकलेखनाचा वर्ग निघाला, आणि पाहता पाहता हजारो जणी स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या.

क्षयाने ग्रासलेले असतानाही शोल्स यंत्रात सुधारणा करतच राहिले. अखेरच्या काळात त्यांनी वेगळ्या अक्षर-मांडणीच्या यंत्राचे पेटंटही मागितले. ते मंजूर झाले १८९६ मध्ये. शोल्स १७ फेब्रुवारी १८९० रोजीच मिलवॉकीत वारले होते. ज्याने मांडणी केली, तोच ती बदलू पाहत होता, पण तोवर जगाच्या बोटांना सवय लागून गेली होती. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्व्होराक यांनी दुसरी मांडणी पुढे आणली, तीही मागे पडली.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. शोल्स यांच्या आयुष्यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली क्लेफेन यांची. डबा पाहून कीबोर्ड घेऊ नका. दुकानात दहा ओळी टाइप करून पाहा. कळ दाबल्याचे बोटाला कळते का, एफ आणि जे या कळांवर उंचवटा आहे का, हिशेब करणाऱ्या घरात उजवीकडे आकड्यांचा गट आहे का, हे बघा. एका जागी बसणाऱ्या मुलासाठी तारेचा यूएसबी कीबोर्ड स्वस्त आणि निर्धास्त, बॅटरी संपायची भीती नाही. संगणक जुना असेल तर मागची खाच यूएसबीची आहे की जुनी गोल पीएस-टू, एवढे पाहून मगच दुकानात जा.

दुसरी गोष्ट सवयीची. बोटांना एकदा लागलेली सवय सहसा सुटत नाही, म्हणून पहिली सवय विचारपूर्वक लावा. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यायची गरज नाही. भारत सरकारने प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी बहुतेक संगणकांत असतेच, ती फक्त चालू करावी लागते. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. ज्या कळेवर क, तिच्यावरच शिफ्टसह ख. शिवाय जी कळ मराठी क ची, तीच गुजराती क ची. घरात मराठी आणि बाहेर गुजराती असे आपल्या बडोद्यात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. एकदा शिकले की दोन्ही भाषा हाताशी येतात.

रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय मुलांच्या बोटांना लागते आहे, याची आम्हाला काळजी वाटते. रोज पंधरा मिनिटे इनस्क्रिप्टचा सराव करा. आजीला एक पत्र टाइप करून पाठवा, आणि जमले की आम्हालाही दाखवा.